खवल्या कुणाला शोधत होता

सौदीतल्या अल खफजीच्या त्या कामगार कॅम्पात एक रिवाज होता. ज्याची एक्झिट लागेल, म्हणजे कायमचं घरी जायचं ठरेल, त्याने आपल्या शेवटच्या शुक्रवारी मेसमध्ये कुठला सिनेमा लावायचा ते सांगायचं. दुपारची जेवणं उरकली, जुम्म्याची नमाज पढून मंडळी परत आली, की टेबलं भिंतीला सरकायची, खुर्च्या टीव्हीसमोर यायच्या आणि जाणाऱ्याला मधली खुर्ची मिळायची. आता शहरांतून मॉलमध्ये चकाचक थिएटरं उघडली आहेत, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यामुळे एरवी मेसमधल्या टीव्हीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण एक्झिटचा सिनेमा कुणी चुकवत नसे. आणि जाणारा वेल्डर असो की खलाशी, बहुतेक वेळा एकच नाव घ्यायचा. खवल्या लावा.

खवल्या हे काही सिनेमाचं खरं नाव नव्हे. खरं नाव इंग्रजीत होतं आणि ते कॅसेटवरच्या कागदासकट केव्हाच झिजून गेलं होतं. सिनेमा इटलीतल्या कुणी तरी काढलेला, इंग्रजी आवाज मागाहून चिकटवलेले, त्यामुळे माणसांनी तोंड मिटलं तरी त्यांचं बोलणं चालूच. समुद्रातून एक रबरी प्राणी वर येतो, अंगभर खवले, डोळे बशीएवढे, आणि तो गावभर हिंडतो, एवढं पडद्यावर दिसायचं. नाव ठेवलं भिकूने, आणि गोष्टही त्यानेच सांगितली.

हा खजिना आणला होता नागेशने, पण ते फार थोड्यांच्या लक्षात राहिलं होतं. नागेश संगमेश्वरकडचा, ए.सी. मेकॅनिक. कुवेतच्या लढाईनंतर कॅम्पातले गोरे इंजिनिअर एकेक करून निघून गेले, तेव्हा त्यांच्या केबिनींमधले ए.सी. उतरवायला त्याला पाठवलं होतं. एका पलंगाखाली व्हिडिओ कॅसेटचं खोकं सापडलं. फोरमन म्हणाला, कचऱ्यात टाक, खलास. नागेशने ते पंख्याच्या पात्यांखाली दडवून खोलीवर आणलं. तो गोरा कोण होता देव जाणे, पण गड्याची आवड एका जातीची होती. चंद्रावरची भुतं, पुठ्ठ्याची रॉकेटं, बरणीत ठेवलेला आणि तरी सगळ्यांवर हुकूम सोडणारा मेंदू, तुरुंगातल्या बायका आणि त्यांच्यावर चाबूक उगारणारी जेलरीण. एकही सिनेमा धड नाही. चार लोकांत नाव सांगायची लाज वाटावी असा सगळा माल.

आधी नागेश हसला आणि मग त्याला त्यांचा नाद लागला. त्या सिनेमांत काही लपतच नसे. रॉकेटची दोरी दिसायची, राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसायची, मेलेली बाई श्वास घेताना दिसायची. पण करणारे मात्र जीव तोडून करत होते. पैसा नाही, सामान नाही, डोक्यावर साहेब, आणि तरी संध्याकाळच्या आत चंद्र उभा करायचाच. नागेशला हे ओळखीचं वाटायचं. साइटवर तो स्वतः तरी दुसरं काय करत होता? मोठे सिनेमे त्याला नंतर पाहायला मिळाले, पण त्यात सगळं इतकं बिनचूक असायचं की बघणाऱ्याला करायला काही उरतच नसे.

इंग्रजी मात्र तेव्हा कुणालाच धड येत नव्हतं. म्हणून भिकू.

भिकू वेंगुर्ल्याकडचा, पाइप फिटर, नागेशच्या खोलीतला जुना भिडू. कॅम्पात यायच्या आधी तो गावच्या दशावतारी नाटकात राक्षस व्हायचा. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. आज कुठलं आख्यान ते ठरलं, की तोंडाला रंग फासून पेटाऱ्यासमोर उभं राहायचं आणि सुचेल ते बोलत जायचं. समोरचा राजा एक बोलला की आपण दोन बोलायचं. भिकूला पडद्यावरचे गोरे म्हणजे असेच समोरचे राजे वाटले असावेत. पहिल्याच शुक्रवारी तो टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून बसला, आवाज बारीक केला आणि मालवणीत सुरू झाला. बरणीतला मेंदू वेंगुर्ल्याच्या सावकाराच्या आवाजात बोलू लागला. चंद्रावरची राणी तंबाखू मागू लागली. हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखल्या.

तुरुंगातल्या बायकांच्या सिनेमांची वेगळीच पंचाईत होती. मेसचे आचारी नूरुद्दीनभाई, जयगडकडचे, पाच वेळा नमाजी, पण सिनेमाला पहिल्या रांगेत. पडद्यावर कपडे उतरायला लागले की भिकू खांद्यावरचा टॉवेल टीव्हीवर टाकायचा आणि टॉवेलच्या आतलं वर्णन करायचा. "आता दोघी कांदे चिरतत हां. आता एकीच्या डोळ्यांत पाणी इला." नूरुद्दीनभाई गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "भिकू, किती किलो कांदे आहेत रे? संपत कसे नाहीत?" उघड्या बाईपेक्षा त्या टॉवेलला जास्त गर्दी व्हायची.

पण खवल्या निराळा. खवल्याच्या वेळी भिकू मस्करी करता करता कुठे तरी वळायचा आणि मग परत यायचाच नाही.

त्याची गोष्ट अशी. खवल्या मुळात माणूस. लहान मुलीला घरी ठेवून जहाजावर कामाला गेला. म्हणाला दोन वर्षांत येतो. पण समुद्राखालची ड्यूटी काही सुटेना, खारं पाणी अंगात मुरलं, कातडीवर खवले चढले. शेवटी रजा मिळाली आणि तो वर आला, तर गाव त्याला बघून पळतंय. तो दारादारांतून डोकावतो, कारण आपलं घर कुठलं ते त्याला आठवत नाही. मध्ये मध्ये तो माणसं मारायचा, त्याचाही बंदोबस्त भिकूने केला होता. पडद्यावर जो जो मरेल तो एजंट तरी असायचा, नाही तर कामगारांचे पासपोर्ट दाबून बसलेला कफील, म्हणजे अरबी मालक. "ह्येनीच माका बुडवलो!" म्हणून खवल्या त्याचा गळा धरायचा आणि मेसभर टाळ्या पडायच्या.

मग तो किनाऱ्यावरचा सीन यायचा. पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी वाळूत खेळते आहे, मागून खवल्या येतो आणि थांबतो. का थांबतो ते सिनेमात कळत नसे, बहुधा आतल्या माणसाला रबरी डोळ्यांतून दिसत नसावं. भिकू तिथे आवाज अगदी खाली आणायचा. "गो चेडवा, भियां नको. माका वळाखलंस नाय? मी तुझो बापूस." मुलगी वळून बघते आणि किंचाळत पळते. खवल्या हात पुढे करून तसाच उभा. मेसमध्ये तेव्हा कुणी कुणाकडे बघत नसे.

कारण प्रत्येकाच्या घरी तो सीन झालेला होता. भिकू पहिल्या सुट्टीला गेला तेव्हा त्याची मुलगी अपेक्षा नुकती बोलू लागली होती. त्याला बघून ती आईच्या, शेवंताच्या मागे लपली आणि हा बाबा कधी जाणार म्हणून विचारत राहिली. जरा ओळख व्हायला लागली की त्याची सुट्टी संपायची. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. भिकूने हे कधी रडून सांगितलं नाही. तो खवल्याचं सांगायचा. शेवटी गावकरी मशाली घेऊन येतात, खवल्या पेटतो आणि चालत चालत समुद्रात जातो, तेव्हा भिकू म्हणायचा, "सुट्टी संपली त्येची. गेलो परत ड्यूटीर." दिवे लागले की मोठमोठे दांडगे फिटर उगाच नाक शिंकरत बसलेले असायचे.

अशी वर्षं गेली. कॅसेटची फीत विरत चालली, चित्रावर पाऊस पडल्यासारख्या रेघा आल्या, माणसं बदलली. इंग्रजी समजणारी नवी मुलंही आली, पण त्या घरघरीत आवाजातलं इंग्रजी त्यांनाही लागत नसे, आणि लागलं असतं तरी भिकूचं सोडून ते कोण ऐकणार? खवल्या राहिला आणि भिकू राहिला. यंदा भिकूची साठी झाली, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही असं ऑफिसने कळवलं, आणि मधल्या खुर्चीवर बसायची पाळी त्याचीच आली.

नागेशच्या मनात आलं, दुसऱ्यांच्या एक्झिटला हा जन्मभर घसा फोडत आला. आपल्या स्वतःच्या शुक्रवारी तरी याला स्टुलावर बसायला लावू नये. त्याने निवांत बसून सिनेमा बघावा. विचार चांगला होता, आणि नागेशने पुढे स्वतःची समजूत घालताना तो पुष्कळ वेळा वापरला.

परदेशात अशा जुन्या, टाकाऊ सिनेमांचे वेडे लोक असतात आणि ते फिती धुऊन पुसून नव्याने बाजारात आणतात, हे नागेशला इंटरनेटवर कळलं होतं. खवल्याही तसा निघाला होता. त्याने बहरीनला जाणाऱ्या एका ड्रायव्हरकरवी डिस्क मागवली. लावून बघितली तर थक्क झाला. समुद्र निळा होता! इतकी वर्षं सगळे तो राखाडीच बघत आले होते. वाळूतली पावलं दिसत होती, पिवळ्या फ्रॉकवरची फुलं दिसत होती, आणि खाली स्पष्ट इंग्रजी अक्षरांत प्रत्येक वाक्य येत होतं. नागेशचं इंग्रजी आता कामापुरतं सुधारलं होतं. त्याने ठरवलं, आपण ती वाक्यं मराठीत करायची आणि पट्टी बनवून पडद्याखाली लावायची. ड्यूटीवरून आला की तो लॅपटॉप उघडून बसायचा, मदतीला डिक्शनरी. उन्हाळाभर हेच चाललं होतं. भिकू विचारायचा, "काय रे, लगीन जुळवतंस काय कोणाचा?" नागेश स्क्रीन फिरवायचा आणि हसायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याला कळून चुकलं की खरी गोष्ट अगदी वेगळी आहे. कारखान्याने समुद्रात विषारी पिंपं टाकलेली असतात. त्या विषातून हा प्राणी निपजतो. त्याला बायको नाही, मूल नाही, नाव नाही. एक डॉक्टर पाइप ओढत सांगतो की त्याला फक्त भूक कळते. किनाऱ्यावर तो थांबतो त्या सीनला तर त्या डॉक्टरचं वाक्य होतं, आणि ते मराठीत लिहिण्याआधी नागेश उठला. त्याने चहा करून घेतला, परत येऊन बसला आणि लिहिलं: "त्याला कोवळ्या मांसाचा वास आला आहे."

तिथे तो थांबू शकला असता. डॉक्टर काय म्हणतो हे कॅम्पात कुणाला कळणार होतं? पट्टी त्याच्या हातात होती. भिकूचं बोलणं त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं, तेच खाली उतरवलं असतं तरी डोळे मिटून सगळ्यांनी खरं मानलं असतं. हा विचार त्याच्या मनात येऊन गेला नाही असं नाही. पण त्याच्या पोटात एक जुनी कळ होती. घरी गेलेल्या माणसांचे फोन यायचे, भिकूभाऊला द्या, त्याचा खवल्या अजून आठवतो. खोकं कुणी वाचवलं, व्हिडिओ मशीनचं डोकं स्पिरिटने कुणी पुसलं, तुटलेली फीत नखाएवढ्या चिकटपट्टीने कुणी जोडली, हे कुणी विचारत नसे. त्या सिनेमावर खरं प्रेम आपलं, आणि नाव भिकूचं. एकदा लोकांना कळू दे की सिनेमा म्हणजे नुसती भिकूची बडबड नव्हे. असं काही तो उघड शब्दांत मनाशी बोलला नाही, पण पट्टी मात्र त्याने अक्षर न अक्षर खरी केली.

शुक्रवार उजाडला. नूरुद्दीनभाईंनी कोळंबीची बिर्याणी केली होती, धोंडीराम वेल्डरने मोठा टीव्ही भिंतीला लावला होता. भिकू इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सवयीने स्टूल ओढू लागला.

"आज नाही भिकूभाऊ," नागेश म्हणाला. "आज तू मधल्या खुर्चीवर. आज नुसतं बघायचं."

"आणि सांगतलो कोण?"

"लावतो तर खरं."

निळा समुद्र दिसला तेव्हा मेस "आहाहा" म्हणून ओरडली. खाली मराठी अक्षरं आली तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. "नागेशभाऊ, तुम्ही केलंत हे?" धोंडीरामने विचारलं. नागेश दाराशी रिमोट घेऊन उभा होता, त्याची छाती फुलली. भिकूही कौतुकाने मान हलवत होता. खवल्याने पाण्यातून डोकं काढलं आणि भिकूच्या तोंडून आपसूक निघालं, "इलो! रजेर इलो!" मंडळी हसली. पण खाली अक्षरं होती, "विषारी पाण्यातून काही तरी जन्माला आलं आहे," आणि सगळे ती वाचत होते.

पुढे पहिला माणूस मेला. भिकू म्हणाला, "ह्यो एजंट." पट्टीने सांगितलं की तो गावचा पोस्टमन आहे, आणि त्याला तीन लहान मुलं आहेत. मागून कुणी तरी नवा पोरगा खिदळला, "भाऊ, तुम्ही तर पोस्टमनला मारायला लावलात इतकी वर्षं!" त्यात वाईट हेतू नव्हता. सगळे हसले, भिकूही हसला. दुसरा माणूस मेला तेव्हा तो पट्टी वाचायला लागला. त्याला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे, वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं यायचं. पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून तो शाळेतल्या मुलासारखा वाचत राहिला.

नागेशला दाराशी उभं राहून ते दिसत होतं. किनारा यायला अजून अवकाश होता. हातात रिमोट होता, वीज गेली म्हणता आलं असतं, डिस्क अडकली म्हणता आलं असतं. त्याने स्वतःला सांगितलं की सगळ्यांना आवडतं आहे, मध्येच बंद केलं तर विरस होईल. खरं तर शेवटी टाळ्या पडतील त्याची तो वाट बघत होता.

पिवळा फ्रॉक आला. खवल्या मागून आला आणि थांबला. मेसमधल्या जुन्या माणसांनी सवयीने माना खाली घातल्या, भिकूच्या आवाजासाठी. आवाज आला नाही. नूरुद्दीनभाईंनी मान वर केली, पट्टी वाचली आणि लगेच खिडकीकडे तोंड फिरवलं. "त्याला कोवळ्या मांसाचा वास आला आहे." भिकूने ते वाक्य हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. पडद्यावरची मुलगी किंचाळत पळाली. शेवटी खवल्या पेटत पेटत पाण्यात गेला आणि डॉक्टरने पाइप झटकून म्हटलं, "मेला एकदाचा. आता किनारा सुरक्षित आहे."

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात. नव्या मुलांनी नागेशला उचलायचंच बाकी ठेवलं. भिकू उठून त्याच्याजवळ आला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चित्र साफ आसा. खूप काम केलंस." मग खोलीवर सामान बांधायला गेला. मागे उरलेल्या नूरुद्दीनभाईंनी खुर्च्या लावता लावता नागेशकडे न बघता विचारलं, "तुला हे आधी ठाऊक होतं?" नागेश म्हणाला, "सिनेमात आहे तेच लिहिलं मी." नूरुद्दीनभाईंनी त्यावर एक खुर्ची दुसरीवर आदळली.

नागेश खोलीवर गेला तेव्हा भिकू खोक्याला दोरी आवळत होता. नागेशने न सांगता दुसरं टोक धरलं. अशी किती खोकी त्या दोघांनी मिळून बांधली होती.

"म्हणजे तो कोणाक शोधीत नव्हतो?" भिकूने विचारलं.

"नाही."

"नुसतो खायत होतो."

नागेशला खूप काही बोलायचं होतं. ते लिहिणारे लोक येडे होते, त्यांना आपलाच सिनेमा कळला नव्हता, तू सांगायचास तेच खरं. पण एवढं सगळं बिनचूक लिहून झाल्यावर आता कुठल्या तोंडाने बोलणार? तो म्हणाला, "गाठ आणखी एक मार, विमानतळावर फेकाफेक करतात." भिकूने आणखी एक गाठ मारली. रविवारी कंपनीची गाडी त्याला दम्मामला घेऊन गेली. निघताना तो प्रत्येकाच्या गळ्यात पडला, नागेशच्याही.

त्यानंतर कॅम्पात आणखी एकाची एक्झिट लागली. त्याने खवल्याचं नाव घेतलं नाही. कुणी तरी म्हणालं, जुनी कॅसेटच लावू या. लावली, रेघांचा पाऊस पडला, घरघर झाली, आणि टीव्हीच्या बाजूचं स्टूल रिकामं बघून दहा मिनिटांत लोक उठून गेले. नागेश एकटा शेवटपर्यंत बसला. पूर्वी त्याला या सिनेमातली पाठीवरची चेन दिसायची आणि माया वाटायची. आता चेनच दिसत होती.

मग त्याने डोक्यात घेतलं की हे दुरुस्त करायचं. पट्टीतली सगळी अक्षरं पुसली आणि भिकूचं बोलणं लिहायला बसला. शेकडो वेळा ऐकलेलं, तरी दोन-चार वाक्यांपलीकडे जाईना. त्याने धोंडीरामला विचारलं, तो म्हणाला, किनाऱ्यावर खवल्या मुलीला बाहुली आणली असं सांगायचा. नूरुद्दीनभाई म्हणाले, बाहुली नाही, अत्तराची बाटली. दोघं त्यावरून भांडले. दोघंही खरं सांगत असणार, कारण भिकू दर खेपेला वेगळं बोलायचा आणि ते टिपून ठेवावं असं इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं. सगळ्या कॅसेटी सांभाळणाऱ्या नागेशलाही नाही.

एका शुक्रवारी दुपारी त्याने वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला. भिकू पडवीत बसला होता. अंगावर बनियन, दाढी थोडी वाढलेली, मागे कुठे तरी भांडी वाजत होती.

"भिकूभाऊ, पट्टी पुसून टाकली मी," नागेश घाईघाईने म्हणाला. "तुझं बोलणं टाकायचंय त्यात. मी इथे सिनेमा लावतो, फोन समोर धरतो. तू बोल, मी लिहून घेतो. पहिल्यापासून."

"आत्ता?"

"आत्ताच. ऐक ना माझं."

भिकूने चष्मा लावला. नागेशने लॅपटॉपसमोर फोन धरला. निळा समुद्र आला. खवल्याने डोकं वर काढलं. भिकूने घसा खाकरला, तोंड उघडलं आणि तसाच बघत राहिला. खवल्या गावात शिरला, एका दारातून डोकावला, दुसऱ्या दारातून डोकावला. नागेशने सिनेमा पुढे ओढून किनाऱ्यावर आणला. मुलगी वाळूत खेळत होती.

"बोल ना," नागेश म्हणाला. "गो चेडवा, भियां नको. पुढे?"

"तो काय बोलणा नाय रे," भिकू म्हणाला.

"तो कधी बोलला होता? तूच बोलायचास."

"मी खंय बोलत होतंय? तो बोलत होतो, मी तुमका सांगत होतंय." भिकूने चष्मा काढून बनियनला पुसला. "आता ऐकाक येणा नाय. वास घेता तेवढां दिसता."

पडद्यावर मुलगी किंचाळली. नागेशने घाईने आवाज बंद केला. मग त्याने घरचं विचारलं, शेवंतावहिनी कशा आहेत, अपेक्षा येते का.

"येता तर. दर रविवारी येता, पोरांक घेवन. चांगली आसा हां, दोष देवचो नाय. माका ताट वाढता, पाणी ठेवता आणि आत आवशीवांगडा गजाली करूक जाता. पोरां दारातसून बघतत." भिकू हसला, पूर्वीसारखाच, मान मागे टाकून. "पयलां वाटायचां, कोणाक तरी शोधूक घराक जातंय मी. आता बसान नुसतो खातंय."

नागेश म्हणाला, "भिकूभाऊ, माझं चुकलं. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम..."

"तुझां काय चुकला? लिवलंस तां खरांच होतां." भिकूने हात हलवून विषय संपवला. त्याने एक सणसणीत शिवी घालायला हवी होती. नागेश तीच ऐकायला कान टवकारून बसला होता. पण आतून शेवंताने हाक मारली, भिकू "येतंय गो" म्हणून उठला आणि फोन बंद करता करता म्हणाला, "जेवलंस काय रे?"

नागेश जेवला नव्हता. हो म्हणाला.